जिप्सम बोर्डाच्या भिंतीवर आरसा, पुस्तकांची फळी आणि टीव्ही पक्का कसा बसवावा?

कोनाडा :

नमस्कार. आम्ही नुकतेच राहायला आलो आहोत त्या घरातील दोन खोल्यांमधली भिंत विटांची नसून ड्रायवॉलची, म्हणजे जिप्सम बोर्डाची आहे. बोटाने ठोकले तर बहुतेक ठिकाणी पोकळ आवाज येतो, मध्येच एखाद्या उभ्या पट्ट्यात तो भरीव होतो. या भिंतीवर मला चार वस्तू लावायच्या आहेत. सुमारे 12 किलो वजनाचा चौकटीचा आरसा, एक मीटर लांब व 25 सेंटिमीटर रुंद अशी पुस्तकांची फळी, पुढे ओढता येणाऱ्या हातावरचा 15 किलोचा टीव्ही, आणि दाराजवळ कोट व पिशव्या अडकवण्यासाठी खुंट्यांची पट्टी. फळीसाठी मला ब्रॅकेट न दिसणारा प्रकार आवडला आहे, ज्यात भिंतीतून बाहेर आलेल्या दोन सळ्यांवर फळी सरकवून बसवतात.

अडचण अशी की आमच्या आधी राहणाऱ्यांनी याच भिंतीत नेहमीच्या प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकून काहीतरी लावले होते, आणि त्यांपैकी दोन गिट्ट्या आज नुसत्या बोटांनी ओढल्या तरी बाहेर येतात. भोवतीचा कागद फाटला आहे आणि भोकाच्या कडा भुसभुशीत झाल्या आहेत. खास जिप्सम बोर्डासाठी म्हणून मिळणाऱ्या गिट्ट्यांच्या पाकिटावर प्रत्येकी 30 किलो असे छापलेले दिसते. मग चार गिट्ट्या लावल्या म्हणजे 120 किलोंची सोय झाली, असा सरळ हिशेब धरता येतो का? की प्रत्येक वस्तूसाठी वेगळा विचार करावा लागतो? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

रंधा :

कोनाडा यांस, गिट्टी निवडण्याच्या आधी भिंत आतून कशी आहे ते पाहावे लागते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

जिप्सम बोर्ड म्हणजे दोन जाड कागदांच्या मध्ये घट्ट झालेला जिप्समचा थर. नेहमीचा बोर्ड साडेबारा मिलिमीटर जाड असतो. आतला जिप्सम नखानेही ओरखडता येतो. बोर्डाला वाकताना जी ताकद मिळते ती मुख्यतः बाहेरच्या कागदामुळे. साधी प्लास्टिकची गिट्टी विटेत किंवा काँक्रीटमध्ये फुगून भोकाच्या कडांवर दाब देते आणि त्या घर्षणावर टिकते. जिप्सममध्ये तो दाब सोसणारे काहीच नसते. कडा चुरडतात, भोक रुंदावते आणि गिट्टी मोकळी होते. आपल्या भिंतीतल्या त्या दोन गिट्ट्यांचे नेमके हेच झालेले दिसते, आणि त्यात बोर्डाचा काही दोष नाही.

हा बोर्ड उभ्या खांबांवर स्क्रूने जडवलेला असतो. हे खांब, म्हणजे स्टड, लाकडाचे असतात किंवा पातळ जस्तलेपित पत्र्याचे. दोन स्टडांमधले अंतर मध्यापासून मध्यापर्यंत बहुधा 40 किंवा 60 सेंटिमीटर असते, कारण बोर्डाची रुंदी साधारण 120 सेंटिमीटर असते आणि त्याचा जोड स्टडवरच यावा लागतो. जड वस्तू शक्यतो स्टडमध्येच बसवायची हा पहिला नियम. गिट्टीचा विचार स्टड सापडला नाही किंवा सोयीच्या जागी आला नाही तरच करायचा.

स्टड शोधण्यासाठी यंत्र मिळते, पण एक लहानसा ताकदवान चुंबकही पुरतो. चुंबक दोऱ्याला बांधून भिंतीवर हळूहळू आडवा फिरवावा. बोर्ड जडवलेल्या स्क्रूच्या डोक्यापाशी आला की तो भिंतीला चिकटतो. तिथे पेन्सिलीने खूण करून त्याच उभ्या रेषेत वर-खाली शोधावे; एकाखाली एक असे आणखी स्क्रू सापडले तर ती स्टडची रेषा. एकाच स्क्रूवर विश्वास ठेवू नये, कारण तो कुणीतरी पूर्वी मारून सोडलेला असू शकतो. रात्री दिवे मालवून टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपा प्रकाश टाकला, तरी लांबी (पुट्टी) भरलेले स्क्रू आणि जोड हलक्या उंचवट्यांसारखे दिसतात.

नंतर वस्तूमागे झाकली जाईल अशा जागी बारीक भोक पाडून पाहावे आणि बिटावर काय येते तिकडे लक्ष द्यावे. पांढरी भुकटी येऊन बिट एकदम आत गेले तर मागे पोकळी आहे. पांढऱ्या भुकटीनंतर लाकडाचा भुसा आला तर लाकडी स्टड, आणि बिट अडून चमकदार कीस आला तर पत्र्याचा. पांढऱ्यानंतर लाल किंवा करडी धूळ आली तर बोर्ड मागच्या विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीवर चिकटवलेला आहे, आणि तसे असेल तर लांब स्क्रू व लांब गिट्टी थेट मागच्या भिंतीत नेणे सर्वांत उत्तम. ड्रिलचा हातोडी मारणारा प्रकार बंद ठेवावा. तो चालू राहिला तर भोक आतल्या बाजूने फुटते आणि मागचा कागद सुटतो.

भोक पाडलेच आहे तर बोर्डाची जाडीही मोजून घ्यावी. तारेचे टोक काटकोनात वाकवून भोकातून आत घालावे, ते मागच्या कागदाला अडकेपर्यंत बाहेर ओढावे, तारेवर भिंतीच्या पातळीला खूण करावी आणि तार काढून ते अंतर मोजावे. काही भिंतींना एकावर एक असे दोन बोर्ड असतात आणि जाडी 25 मिलिमीटर भरते. साडेबारासाठी बनवलेला धातूचा अँकर, म्हणजे बोर्डाच्या मागे उघडून धरणारी गिट्टी, अशा भिंतीत उघडतच नाही, आणि बाहेरून मात्र सगळे ठीक बसल्यासारखे दिसते.

विजेच्या तारांविषयीही सांगतो. स्विचबोर्ड किंवा सॉकेटच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्याच उंचीला आडव्या पट्ट्यात भोक पाडू नये. पत्र्याच्या स्टडांना तारा आडव्या नेण्यासाठी मुळातच भोके ठेवलेली असतात, त्यामुळे तार केवळ उभीच गेली असेल असे धरून चालता येत नाही. शंका असेल तिथे त्या खोलीचा वीजपुरवठा बंद करून बॅटरीवरचे ड्रिल वापरावे.

मोजपट्टी :

रंधा यांनी भिंत सांगितली, मी भार सांगतो. कारण 30 गुणिले 4 बरोबर 120 हा हिशेब इथे लागू पडत नाही.

पाकिटावरचा आकडा बहुतेक वेळा नव्याकोऱ्या बोर्डात, आदर्श परिस्थितीत, अँकर निकामी होईपर्यंत ओढून मिळालेला असतो. रोजच्या वापरासाठी त्याचा चौथा हिस्सा धरावा. म्हणजे 30 किलोंचे झाले साडेसात. शिवाय चार अँकर लावले म्हणजे भार चौघांत सारखा वाटला जातोच असे नाही. वरचे दोन बहुधा अधिक ओढले जातात. ते एकमेकांच्या फार जवळ असतील तर बोर्डाचा तोच तुकडा सगळ्यांचा भार घेत असतो, आणि मग अँकरची संख्या वाढवून काही साधत नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे भाराची दिशा. आरसा भिंतीला चिकटून लोंबतो, त्याचे वजन स्क्रूला खाली दाबते. फळी मात्र भिंतीपासून पुढे येते आणि तिच्यावरचे वजन वरच्या स्क्रूला भिंतीतून बाहेर उपटू पाहते. जिप्सम बोर्ड पहिला भार बऱ्यापैकी सोसतो, दुसऱ्यापुढे लवकर हार मानतो. हा उपटणारा जोर मोजणे अवघड नाही. वजनाला त्याच्या भिंतीपासूनच्या अंतराने गुणावे आणि वरच्या स्क्रूपासून ब्रॅकेटच्या खालच्या टोकापर्यंतच्या उंचीने भागावे.

आपली फळी घेऊ. एक मीटर लांबीत पुस्तके दाटीने लावली तर 20 ते 30 किलो सहज होतात. 25 किलो धरू. फळी 25 सेंटिमीटर रुंद, म्हणून वजनाचा मध्य भिंतीपासून साडेबारा सेंटिमीटरवर. ब्रॅकेटची उभी बाजू 15 सेंटिमीटर असेल तर वरच्या स्क्रूंवर एकूण जोर 25 गुणिले 12.5 भागिले 15, म्हणजे सुमारे 21 किलो येतो. हीच उभी बाजू 5 सेंटिमीटरची असेल तर तो 62 किलोंच्या पुढे जातो. आणि आपल्याला आवडलेल्या, ब्रॅकेट न दिसणाऱ्या प्रकारात सळ्यांची पट्टी जेमतेम 3 सेंटिमीटर उंच असते. तिथे उत्तर शंभर किलोंच्याही वर जाते. पुस्तके तीच, फळी तीच. केवळ ब्रॅकेट बदलल्यामुळे जोर पाचपट झाला.

म्हणून स्पष्टच लिहितो : पुस्तकांसाठी ती बिनब्रॅकेटची फळी या भिंतीवर लावू नये. दोन-तीन शोभेच्या वस्तूंसाठी लावायची असेल तर लावावी. पुस्तकांसाठी उंच उभ्या बाजूचा ब्रॅकेट, किंवा त्याहून चांगले म्हणजे भिंतीवर उभ्या धातूच्या पट्ट्या जडवून त्यांत आडवे हात अडकवण्याचा प्रकार घ्यावा. त्या पट्ट्या मीटरभर उंच असतात, प्रत्येक पट्टी एका स्टडवर चार-पाच स्क्रूंनी बसते आणि उपटणारा जोर इतका विभागला जातो की तो जाणवतही नाही.

टीव्हीलाही हाच हिशेब लावून पाहा. 15 किलोंचा टीव्ही भिंतीला लागून, म्हणजे 6 सेंटिमीटरवर असेल आणि स्टँडच्या पाटीची उंची 20 सेंटिमीटर असेल, तर वरच्या स्क्रूंवर साडेचार किलोच येतात. तोच हात 45 सेंटिमीटर बाहेर ओढला की जवळपास 34 किलो होतात, आणि टीव्ही वळवताना बसणारे हिसके वेगळेच. हाताचा टीव्ही नुसत्या बोर्डावर कधीही लावू नये, अँकर कितीही भारी असला तरी.

कोनाडा :

दोघांचेही मनःपूर्वक आभार. फळीचा हिशेब वाचून डोळे उघडले, तो प्रकार रद्द केला आहे. चुंबक फिरवून पाहिले : स्टड पत्र्याचे आहेत आणि 60 सेंटिमीटर अंतरावर आहेत, फक्त दाराच्या चौकटीपाशी दोन स्टड जवळजवळ आहेत. बोर्ड एकेरी, साडेबारा मिलिमीटरचा आहे. तारेची युक्ती उत्तम चालली.

आता अडचण दोन प्रकारची आहे. टीव्ही जिथे हवा ती जागा नेमकी दोन स्टडांच्या मधोमध येते. आणि पत्र्याचा स्टड इतका पातळ असतो, तर त्यात स्क्रू धरतो तरी का? खुंट्यांच्या पट्टीला आणि आरशाला कोणता अँकर घ्यावा, तेही सांगावे.

रंधा :

अशा भिंतीतल्या स्टडचा पत्रा बहुधा अर्धा मिलिमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे त्यात लाकडाचे विरळ आट्यांचे स्क्रू मारू नयेत. एखाद-दुसरा आटाच पत्र्यात अडकतो आणि जरा जास्त आवळले की आटे जातात. मग स्क्रू नुसता फिरत राहतो. बारीक आट्यांचे किंवा टोकालाच ड्रिल असलेले स्क्रू घ्यावेत, आणि पत्रा घट्ट लागला की तिथेच थांबावे. बोर्ड जडवायचे काळे स्क्रूही भार टांगायला वापरू नयेत. ते कठीण पण ठिसूळ असतात आणि आडव्या भाराने त्यांचे डोके तुटते. याच कारणासाठी मी त्यांना बोर्डापलीकडे कुठेच वापरत नाही.

आणखी एक बारकावा. हा स्टड तीन बाजूंनी बंद आणि एका बाजूने उघडा असतो. स्क्रू उघड्या कडेजवळ मारला तर पत्र्याची कड मागे वाकते आणि स्क्रू पकडच घेत नाही. बंद बाजूकडे मारला तर लगेच धरतो. कोणती बाजू बंद आहे ते बाहेरून दिसत नाही, पण बारीक बिटाने तपासताना हाताला कळते : एका बाजूला पत्रा लवतो, दुसऱ्या बाजूला तो ताठ राहतो.

टीव्हीसाठी आडवी पट्टी लावावी. 18 मिलिमीटर जाडीच्या चांगल्या प्लायवूडची, स्टँडच्या पाटीपेक्षा उंच आणि दोन स्टडांच्या पलीकडे थोडी जाईल इतकी लांब पट्टी कापावी, भिंतीच्या रंगाने रंगवावी आणि दोन्ही स्टडांवर प्रत्येकी निदान चार स्क्रूंनी जडवावी. मग स्टँड पट्टीवर हवा तिथे बसवता येतो. टीव्ही लागल्यावर पट्टीचा बराचसा भाग त्याच्यामागे झाकला जातो. ज्यांना ती मुळीच दिसायला नको असेल त्यांनी बोर्ड कापून स्टडांच्या मध्ये प्लायवूड बसवावे आणि बोर्ड पुन्हा लावून जोड भरावेत. काम मोठे आहे, धूळ फार होते, पण घर रंगवायचेच असेल तर त्याच वेळी करून घेणे शहाणपणाचे.

खुंट्यांची पट्टी दाराजवळच लावायची असल्याने ते दोन जवळजवळचे स्टड आपल्या पथ्यावर पडले आहेत. पट्टी त्यांवरच जडवावी. खुंटीवर वजन थोडे असते, पण रोज ओढाताण होते. पिशवी अडकवताना आणि काढताना दर वेळी अँकर किंचित हलतो आणि जिप्सम झिजत जातो. म्हणून वजन कमी असूनही खुंट्या मी बोर्डावर लावत नाही.

आरसा भिंतीला चिकटून राहणार असल्याने तो बोर्डावर चालेल. त्यासाठी धातूचे फुलणारे अँकर घ्यावेत. स्क्रू आवळला की त्यांच्या नळीचे पाय बोर्डाच्या मागे छत्रीसारखे उघडतात आणि मागच्या कागदाला टेकतात. कॉलरवरचे बारीक दात पुढच्या कागदात रुतवून मगच आवळावे, नाहीतर पूर्ण अँकर फिरत राहतो. सुरुवातीला स्क्रू सहज फिरतो, मग जड होतो. जड झाला की थांबावे, कारण त्यापुढे आवळले तर बोर्ड दोन्ही बाजूंनी चुरडला जातो.

आरशाला मागे तार लावून तो एका खिळ्यावर टांगू नये. तार जितकी आडवी ताणलेली, तितका तिच्यातला ताण जास्त. आडव्या रेषेशी तीस अंशांचा कोन झाला तर तारेच्या प्रत्येक बाजूला आरशाचे पूर्ण वजन येते. चौकटीच्या दोन्ही बाजूंना कड्या जडवून प्रत्येक कडी स्वतंत्र अँकरवर अडकवावी. दोन्ही अँकर एका पातळीत आहेत की नाहीत ते पाणसळ लावून तपासावे. छतापासून मोजू नये, कारण छतच सरळ असेल याची खात्री नसते.

ओळंबा :

रंधा यांच्या बहुतेक म्हणण्याशी मी सहमत आहे, पण प्लायवूडची पट्टी हाच एक मार्ग आहे असे वाचकांना वाटू नये म्हणून लिहितो.

स्टड सोयीच्या जागी असेल तर टॉगल अँकर सरळ स्टडमधूनच घालता येतो. पट्ट्यांचा टॉगल मिळतो, त्यात धातूचा लहान आडवा तुकडा दोन प्लास्टिकच्या पट्ट्यांना जोडलेला असतो. बोर्ड आणि पत्रा यांतून साधारण 13 मिलिमीटरचे भोक पाडून हा तुकडा उभा करून आत सारायचा, पट्ट्या ओढून तो पत्र्याच्या मागे आडवा करायचा, बाहेरची प्लास्टिकची कडी भिंतीला टेकवायची आणि उरलेल्या पट्ट्या मोडून टाकायच्या. आता बोल्ट पत्र्याच्या आट्यांवर अवलंबून राहत नाही. धातूचा तुकडा पत्र्याला मागून धरतो. बारीक स्क्रूपेक्षा ही पकड निःसंशय अधिक भरवशाची आहे. भोक मात्र स्टडच्या रुंदीच्या मध्यावरच पडायला हवे, कडेला गेले तर पत्रा फाटतो.

हाच टॉगल नुसत्या बोर्डावरही चालतो आणि तिथे उपलब्ध प्रकारांत तो सर्वांत मजबूत आहे, कारण मागच्या बाजूला भार पसरायला त्याला सर्वाधिक जागा मिळते. स्प्रिंगच्या पंखांचा जुना टॉगलही चांगला, पण त्याचा बोल्ट पूर्ण बाहेर काढला की पंख पोकळीत पडतात आणि वस्तू एकदा काढली तर नवा टॉगल लागतो. पट्ट्यांचा टॉगल जागेवर राहतो. दोन्हींसाठी पोकळी पुरेशी खोल हवी. आत ध्वनिरोधक लोकर भरलेली असेल तर पंख नीट उघडत नाहीत, तेव्हा आधी तार घालून चाचपावे.

मळसूत्री, स्वतःच भोक पाडत आत जाणारी गिट्टी झटपट बसते म्हणून लोकांना आवडते. घड्याळ, लहान चित्र, चार-पाच किलोंपर्यंतचे भिंतीला चिकटून राहणारे काहीही तिच्यावर खुशाल लावावे. त्याहून जड वस्तूंसाठी ती वापरू नये, पाकिटावर काहीही छापलेले असो.

एका मुद्द्यावर मात्र माझे मत वेगळे आहे. पाटी अरुंद आणि हात लांब असलेला टीव्हीचा स्टँड असतो, तो एकाच स्टडवर बसतो आणि सगळा पीळ त्या एका पातळ पत्र्याला देतो. मग स्क्रू धरून राहिला तरी स्टडच वळतो आणि भिंतीला उभी भेग दिसू लागते. म्हणून पत्र्याच्या स्टडांवर टीव्ही बरोबर स्टडसमोर येत असला तरीही पट्टी दोन किंवा तीन स्टडांवर न्यावी. रंधा यांनी पट्टी जागा जुळत नाही म्हणून सुचवली. मी म्हणेन, हाताच्या टीव्हीला ती जागा जुळत असतानाही हवी.

पायरी :

मध्येच विचारतो, क्षमस्व. आमच्या न्हाणीघराची भिंतही अशीच आहे, वर टाइल आहेत. टॉवेलची दांडी आणि घरातील वृद्धांसाठी आधाराची दांडी लावायची आहे. टॉगल चालेल का? की चिकटपट्टीच्या खुंट्या पुरतील?

मोजपट्टी :

टॉवेलच्या दांडीला टॉगल चालेल. टाइलला भोक पाडताना टाइलचेच बिट वापरावे, आणि बोल्ट घालण्याआधी भोकाच्या कडेला सिलिकॉन भरावे. जिप्सम ओला झाला की मऊ पडतो, आणि पाणी आत जाण्याचा सर्वांत सोपा रस्ता म्हणजे आपणच पाडलेले भोक. हिरव्या कागदाचा बोर्डही ओलावा अधिक काळ सोसतो एवढेच. तो जलरोधक नसतो.

आधाराच्या दांडीचे उत्तर अगदी वेगळे आहे. घसरणारा माणूस तिला हिसक्याने पकडतो आणि त्या क्षणी तिच्यावर जवळपास सगळे शरीर येते. ती बोर्डावर लावू नये, कोणत्याही अँकरने नाही. मागे भरीव लाकूड किंवा जाड प्लायवूड बसवून, ते दोन्ही बाजूंच्या स्टडांना जडवून मगच त्यात दांडीचे स्क्रू जावेत. पलीकडच्या खोलीच्या बाजूने बोर्ड कापून हे करता येते, म्हणजे टाइल फोडाव्या लागत नाहीत.

चिकटपट्टीविषयी एवढेच, की ती रंगाला चिकटते, रंग कागदाला चिकटलेला असतो आणि यांपैकी जे सर्वांत कच्चे असेल तिथून वस्तू पडते. कोरड्या खोलीत हलक्या वस्तूंना ठीक. न्हाणीघरात टॉवेलसाठी मी ती सुचवणार नाही.

कोनाडा :

पट्टी कापून आणली आहे. दोन शेवटचे प्रश्न. जुन्या गिट्ट्यांची ती दोन फाटलेली भोके भरून तिथेच नवे अँकर घालता येतील का? आणि प्लायवूड बोर्डावर जडवून पाहिले तेव्हा स्क्रू पूर्ण आत गेला तरी पट्टी आणि भिंत यांच्यात कागद सरकेल एवढी फट राहिली. जास्त आवळले तर आटे जातील अशी भीती वाटते.

रंधा :

आवळू नये. फट राहण्याचे कारण असे की टोकाला ड्रिल असलेल्या स्क्रूचे आटे आधी प्लायवूडमध्ये रुततात, आणि टोक पत्रा कापत असताना काही क्षण पुढे सरकत नाही. तेवढ्यात स्क्रू फिरत राहतो आणि प्लायवूडला स्वतःवरच वर चढवतो. स्क्रू काढून प्लायवूडमध्ये त्याच्या आट्यांहून किंचित मोठे भोक पाडावे, म्हणजे आटे फक्त पत्र्यातच धरतील आणि स्क्रूचे डोके पट्टीला भिंतीवर दाबून बसवेल. डोके रुंद आणि चपटे असावे, नाहीतर वॉशर घालावा. लांबीचा हिशेब असा : 18 प्लायवूडचे, साडेबारा बोर्डाचे आणि टोक पत्र्यापलीकडे निदान 10 मिलिमीटर जायला हवे, म्हणजे 45 मिलिमीटरचा स्क्रू घ्यावा. आधीच्या भोकात पत्र्याचे आटे गेले असतील तर तेच भोक पुन्हा वापरू नये. दोन-तीन सेंटिमीटर वर किंवा खाली सरकून त्याच स्टडवर नवे घ्यावे.

जुनी भोके भरून तिथेच अँकर घालू नये. लांबी वाळली की भिंतीसारखी दिसते, पण तिला मागेपुढे कागद नसतो, म्हणून ती भार घेत नाही. नवा अँकर जुन्या भोकापासून निदान 7-8 सेंटिमीटर दूर धड बोर्डात घ्यावा. जुन्या भोकाभोवतीचा सुटलेला कागद धारदार पात्याने कापून काढावा, कडा किंचित आत दाबाव्यात, वर जाळीची पट्टी चिकटवून जोड भरायचे मिश्रण पातळ थरांत द्यावे आणि प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावरच पुढचा द्यावा. एकाच जाड थरात भरले तर ते वाळताना आक्रसते आणि मधोमध खळगा पडतो. शेवटी बारीक पॉलिश पेपरने घासून प्रायमर द्यावा. तो न देता थेट रंग दिला तर ती जागा रंग अधिक शोषते आणि बाजूने पाहिल्यास ठिपका उठून दिसतो.

टीव्ही चढवण्याआधी पट्टीवर दोन्ही हातांनी खाली आणि मग बाहेरच्या दिशेने जोर देऊन पाहावा. कुठेही कुरकुर ऐकू आली किंवा फट उघडलेली दिसली, तर त्या बाजूचे स्क्रू पुन्हा तपासावेत.